मटण चालतं, मग घोडं पेंड खातं कुठं?

कुमामोतोकर | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

दीड वर्षापासून जपानात, क्यूशू बेटावरच्या कुमामोतोला आहे. इथं तैवानी कंपनीचा चिपचा कारखाना सुरू झाल्यापासून आपल्याकडची बरीच मंडळी दिसायला लागलीत. मी त्यातलाच एक. परवा ऑफिसची पार्टी होती. मधोमध एक लांबट ताट आलं. पातळ कापलेले लालभडक काप, कडेला पांढऱ्याशुभ्र चरबीचे चार तुकडे, बाजूला किसलेलं आलं, लसूण आणि गोडसर सोया सॉस. बासाशी. म्हणजे घोड्याचं मांस, कच्चं. पांढरे तुकडे आयाळीखालच्या चरबीचे. कुमामोतोत पाहुण्याला हे खाऊ घातलं नाही तर यजमानाला चुकल्यासारखं होतं. आपल्याकडे कोल्हापूरला जाऊन पांढरा रस्सा न पिता परत आल्यासारखं.

मी काही सोवळा नाही. बोकड, कोंबडी, मासे, सगळं खातो. कॉलेजात असताना इतरही बरंच खाल्लंय, ते इथं लिहीत नाही, आई कधीकधी ही साइट वाचते. कच्च्या माशालाही सरावलोय. तरी चॉपस्टिक हवेत थांबली ती थांबलीच. शेजारच्या तानाका-सानना (नाव बदललंय) वाटलं मला कच्चं चालत नाही. त्यांनी माझ्यापुरतं भाजून आणायला सांगितलं. भाजून आलं, तरी खाववेना.

का, ते त्यांना सांगता येईना. आमचं कुलदैवत खंडोबा. देव्हाऱ्यात चांदीचा टाक आहे, त्यावर देव घोड्यावर बसलेला. पण नंदीही आहेच की महादेवासमोर, आणि कार्तिकेयाच्या मोरावरून माझं कोंबडीचं कधी अडलं नाही. धर्मात स्पष्ट मनाई कुठं आहे म्हणावं, तर तीही मला ठाऊक नाही. मग घोडं नेमकं पेंड खातं कुठं? खाल्लेल्यांनी, न खाल्लेल्यांनी, दोघांनीही लिहा. 'श्शी' एवढाच प्रतिसाद असेल तर तो माझ्याकडे आहे.

शिळोप्याचा_ओटा | शनिवार, रात्री ११:५२

पहिलाच धागा आणि थेट पागेत! पहिला नंबर माझा. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

तर्कटराव | रविवार, सकाळी ७:१०

धागाकर्ते, उत्तर तुम्हीच दिलंय: काहीही कारण नाही. सवय आहे. बोकडाला दुखतं तेवढंच घोड्याला दुखतं. एक खाऊन दुसऱ्यावर अश्रू ढाळणं हा भावनेचा लाड झाला. खायचं तर दोन्ही खा, सोडायचं तर दोन्ही सोडा. मी २०१६ पासून दोन्ही सोडलंय.

बांधावरची | रविवार, सकाळी ८:३५

> भावनेचा लाड झाला

तर्कटराव, आमच्याकडे जत्रेचा बोकड वर्षभर घरात वाढायचा. आम्ही पोरं त्याला नाव ठेवायचो, शाळेतून आल्यावर पाला आणून घालायचो. जत्रेच्या दिवशी रडायचो आणि दुपारी पंगतीत बसून खायचो. तेव्हा 'जीव लावला म्हणून खाववत नाही' हे सगळ्या वेळी खरं नाही. बैलाला मात्र आमच्या आजोबांनी म्हातारपणी पाच वर्षं दावणीला बसवून पोसला. फरक जिव्हाळ्याचा नव्हता. बोकड खायलाच आणलाय हे त्याला आणला त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. बैलानं आमचं रान नांगरलं होतं. राबलेल्याला खायचं नाही, एवढंच. घोडा बैलाच्या बाजूचा आहे, बोकडाच्या नाही.

तर्कटराव | रविवार, सकाळी ८:५०

सुंदर. आणि पाच वर्षं दावणीला न बसवता बाजारात विकले जायचे ते बैल कुठं जायचे?

बांधावरची | रविवार, सकाळी ८:५८

माहीत आहे कुठं जायचे ते. म्हणून तर आजोबांचं सांगितलं.

ऋचाकार | रविवार, सकाळी ९:४०

धर्मात मनाई कुठं आहे असं विचारलंय म्हणून लिहितो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६२ वं सूक्त काढा. अश्वमेधाच्या घोड्याचं आहे. त्यात शिजवण्याची भांडी आहेत, झाकणं आहेत, आकडे आहेत, आणि बाराव्या ऋचेत घोडा शिजल्यावर 'वास छान सुटलाय, उतरवा आता' म्हणणारे आणि त्या मांसाचा वाटा मिळावा म्हणून थांबलेले लोकही आहेत: 'य ईमाहुः सुरभिर्निर्हरेति'. पुढं एकविसाव्या ऋचेत घोड्यालाच सांगितलंय, 'न वा उ एतन्म्रियसे न रिष्यसि', तू हा मरत नाहीस, तुला इजा होत नाही, सोप्या वाटांनी तू देवांकडे जातोस. म्हणजे ज्यांनी खाल्लं त्यांनाही घोड्याची समजूत काढावीशी वाटली होती. सूक्त वाचताना मला तोच भाग जास्त बोलका वाटतो.

जय_मल्हार_७७ | रविवार, सकाळी १०:०५

आमच्या पूर्वजांना बदनाम करायची सुपारी घेतली आहे का? हे सगळे इंग्रजांनी केलेले अर्थ.

ऋचाकार | रविवार, सकाळी १०:१२

वेदांवर भाष्य लिहिणारे सायणाचार्य चौदाव्या शतकातले होते हो.

*(यापुढचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषय मांसाचा आहे, एकमेकांचं मांस तोडू नये. – संपादक मंडळ)*

दाभोळचा_नाखवा | रविवार, दुपारी १२:२०

आमची गंमत ऐका. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे इमाम शाफईंचं धर्मशास्त्र मानणारे शाफई. इमाम शाफईंच्या मते घोड्याचं मांस हलाल. पाळीव गाढवाचं हराम. खैबरच्या लढाईच्या वेळी गाढवाला मनाई झाली आणि घोड्याला मुभा दिली, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांची नोंदलेली शिकवण, आहे. पण घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांना मानणारे. इमाम अबू हनीफांनी घोडा मकरूह, म्हणजे टाळण्याजोगा ठरवला. कुरआनात घोडे, खेचरं, गाढवं स्वारीसाठी आणि शोभेसाठी दिली असं म्हटलंय, खाण्यासाठी असं नाही, हा एक आधार. शिवाय घोडा लढाईचं साधन, तो खाऊन संपवायचा कसा?

आता कागदावर मला पूर्ण परवानगी आहे. पण अख्ख्या दापोली-दाभोळात घोडा खाल्लेला माणूस मला दाखवा! उलट हनफी पाव्हणे आले की आमचे खेकडे बघून नाकं मुरडतात, ते मात्र आम्ही रोज खातो. परवानगी असणं आणि ताटात पडणं यांच्यात मोठी खाडी आहे.

पागेतली_राणी | रविवार, दुपारी १:०२

नाखवा, खाडी आवडली. घोडा लढाईचं साधन म्हणून खायचा नाही हे तर मराठ्यांना सांगायलाच नको. बारगीर आणि शिलेदार यांत फरक काय, तर घोडा सरकारी की स्वतःचा. ज्या जनावरावरून माणसाची पत ठरते ते हांडीत कसं जाईल?

साताऱ्याची_नात | रविवार, दुपारी ३:४५

राणी, गेलं होतं. हांडीत गेलं होतं, आणि तेही मराठा पलटणीच्या. सविस्तर लिहिते, कारण हे आमच्या घरातलं आहे.

पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, हिंदुस्थानातून सहावी डिव्हिजन गेली होती. तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली, तिथून माघार घेत सेनापती टाउनशेंड कूट-अल-अमारा गावात येऊन थांबला. तिन्ही बाजूंनी टायग्रिस नदीचं वळण, चौथ्या बाजूला तुर्क. डिसेंबरात वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत उठला नाही.

धान्य संपत आलं. तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे माणसांच्याच वाट्याचं जव खात होते. मग घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सोल्जरांनी खाल्लं. आपल्या शिपायांनी नकार दिला, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. टाउनशेंडनं बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून संमती मागवली. ती आली. जीव वाचवण्यासाठी चालतं, असं दोन्ही बाजूंच्या मोठ्या मोठ्या लोकांनी कळवलं. तरी शिपाई खाईनात. पिठाचा शिधा एप्रिलमध्ये दिवसाला माणशी पाच औंसांवर, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅमवर आला होता. विमानातून पोती टाकायचा प्रयोग झाला, तो पुरला नाही. शिपाई नदीकाठचा पालापाचोळा उकडून खायचे, त्यातून विषबाधा व्हायची. हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या जखमा उघडायच्या. स्कर्व्ही. ताजं मांस खाणाऱ्या गोऱ्यांना तो आजार त्या मानानं फार कमी झाला.

त्यांना अडवत होतं ते शास्त्र नव्हतं, शास्त्रानं तर तारेनं परवानगी धाडली होती. भीती गावाची होती. परत गेल्यावर जातीबाहेर टाकतील, लेकीबाळींची लग्नं अडतील. दिल्ली-मुंबईच्या पंडितानं हो म्हटलं म्हणून आपल्या वाडीतला भटजी आणि भावकी हो म्हणेल, याची खात्री कोण देणार? शेवटी एप्रिलमध्ये, अगदी अंगात त्राण उरलं नाही तेव्हा बहुतेकांनी खाल्लं. तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

माझे खापरपणजोबा तिथं होते. पुढं कैदेत वाळवंटातून चालत गेले, रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर राबले आणि परत आले, हेच नशीब. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक धाकट्या भावाकडे दिला. कारण सांगितलं नाही. आम्ही थोरल्या पातीचे, तरी आमच्या देव्हाऱ्यात आजही टाक नाही. पूजा चुलत घराण्यात. आजी म्हणायची, घरात कुणी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गावानंही विचारलं नाही. आत्याबाईंची लग्नं व्यवस्थित झाली.

बांधावरची | रविवार, दुपारी ३:५८

काय लिहिलंयत हो. टाकाचं वाचून काटा आला.

शिळोप्याचा_ओटा | रविवार, दुपारी ४:०६

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

अल्माटी_एमबीबीएस | रविवार, संध्याकाळी ६:३०

मी लातूरची, कझाकस्तानात मेडिकलला. चौथं वर्ष. आमच्या होस्टेलवर सुरुवातीला मुली 'कझी' शब्द ऐकला तरी पळायच्या. कझी म्हणजे घोड्याच्या बरगडीचं मांस आणि चरबी मीठ-मिरी-लसूण लावून त्याच्याच आतड्यात भरतात. लग्नात, नौरुझला, मोठ्या पाहुण्याला हाच मान. घोडीचं आंबवलेलं दूध, कुमीस, ते वेगळंच. (चव: ताकात कुणीतरी फटाका सोडलाय अशी.)

पण 'घोड्याशी नातं म्हणून खायचं नाही' हे इथं कुणाला सांगून बघा. हसतील. यांच्याइतकं घोड्यावर प्रेम करणारे लोक मी पाहिले नाहीत. यांची म्हणच आहे, घोडा म्हणजे माणसाचे पंख. उत्तर कझाकस्तानात बोताई नावाचं ठिकाण आहे, तिथल्या साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंश सापडलेत. माझ्या मैत्रिणीचे आजोबा स्वारीच्या घोड्याला हात लावू देत नाहीत, खायचे ते कळपातले. हिवाळ्याच्या तोंडाला एक घोडा कापतात आणि नातलगांत वाटतात. कापण्याआधी जनावराला म्हणतात, 'सेन्दे जाझिक जोक, बिझ्दे आझिक जोक.' तुझा काही गुन्हा नाही, आमच्याकडे दुसरं अन्न नाही.

ऋचाकारांनी दिलेली ऋचा वाचल्यावर हेच आठवलं. मी स्वतः खाल्लं का? दुसऱ्या वर्षी, मैत्रिणीच्या आजीनं स्वतःच्या हातानं भरवलं तेव्हा. नाही म्हणता आलं नाही. चव गोडसर असते. घरी सांगितलेलं नाही, लातूरकरांनी ओळखल्यास गप्प बसावे.

तर्कटराव | रविवार, संध्याकाळी ६:४१

'आमच्याकडे दुसरं अन्न नाही' हे गवताळ माळावर, उणे तीसमध्ये, शेती न पिकणाऱ्या जागी खरं होतं. अल्माटीच्या मॉलमध्ये अजून खरं आहे का? आणि कुमामोतोत? तिथं तर कॅनडातून जिवंत घोडे विमानात कोंबून आणतात, पोसतात आणि कापतात. कॅनडात यावर बंदी आणायचं विधेयक २०२४ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं होतं, पुढं सिनेटमध्ये अडकलं. त्या घोड्याला कोण सांगतं, तुझा गुन्हा नाही?

डॉ_खूर | रविवार, रात्री ८:१५

मी पशुवैद्य आहे, निम्मी नोकरी घोड्यांत गेली. भावनेचं तुम्ही बोला, मी औषधाचं बोलतो.

शर्यतीच्या आणि स्वारीच्या घोड्याला लंगडेपणावर फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक सर्रास देतात. माणसात या औषधानं क्वचित का होईना रक्ताचा गंभीर आजार होतो, म्हणून खाण्याच्या जनावरात ते चालत नाही. २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याला गोमांसाच्या बर्गरमध्ये घोडा सापडला. टेस्को या सुपरमार्केटच्या एका नमुन्यात २९ टक्के. मग फिंडस कंपनीच्या तयार लझान्यात जवळजवळ सगळाच घोडा निघाला. लोकांनी बोंब मारली ती 'घोडा खाल्ला' म्हणून. खरी काळजी, तो घोडा कुणाचा आणि त्याच्या अंगात काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, ही होती. त्याच वेळी फ्रान्समध्ये, सोनेरी घोड्याचं डोकं लावलेल्या खाटकाच्या दुकानातून लोक राजरोस घोडा विकत घेत होते. तिथं तो १८६६ पासून कायदेशीर आहे. १८७० च्या पॅरिसच्या वेढ्यात तर हजारोंनी खाल्ले.

कुमामोतोकर, कच्चं खाल्लंत तरी जपानात परजीवीसाठी उणे वीस अंशांवर किमान ४८ तास गोठवायचा दंडक आहे, तेव्हा पोटाची काळजी नको. फ्रान्स-इटलीत मात्र अर्धकच्च्या घोड्यातून ट्रायकिनेला या जंताच्या साथी आल्या आहेत.

आणि एक. पुण्या-मुंबईतल्या कुणाला नाग चावला तर जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, प्रतिद्रव्यं तयार झाली की रक्त काढायचं, पुन्हा टोचायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेनं हे काम कित्येक दशकं केलंय. घोडा तोंडात चालत नाही, शिरेत चालतो. मी तक्रार करत नाही, मी स्वतः ती लस टोचून घेईन.

कायद्याचं_बोला | रविवार, रात्री ९:००

थोडक्यात: भारतात अन्नसुरक्षा नियमांत मांसासाठीच्या जनावरांची यादी आहे. मेंढी, शेळी, डुक्कर, गाय-म्हैसवर्ग, कोंबड्या, मासे वगैरे. घोडा-गाढव नाही. म्हणून आंध्रात गाढवाचं मांस विकताना धाडी पडतात. तिथं गाढवाच्या मांसानं ताकद वाढते असा समज आहे. २०१९ च्या पशुगणनेत गाढवं सात वर्षांत ६१ टक्क्यांनी घटली, सव्वा लाखाच्या आत आली. घोडे-तट्टूही ४५ टक्क्यांनी घटले. मढीच्या आणि जेजुरीच्या गाढवांच्या बाजाराला जे जातात त्यांना हे आकडे सांगायला नकोत.

कुमामोतोकर | सोमवार, रात्री १०:२०

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. साताऱ्याची नात, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आज दुपारी तो मोडक्यातोडक्या जपानीत तानाका-सानना सांगितला. त्यांनी लगेच इथली दंतकथा सांगितली. कुमामोतोचा किल्ला बांधणारा काटो कियोमासा कोरियाच्या स्वारीत वेढ्यात अडकला, धान्य संपलं, तेव्हा लढाईचे घोडे कापून खाल्ले आणि इथं परत आल्यावरही ती चव सोडली नाही. म्हणजे कहाणी एकच. एका घरात देव्हाऱ्यातून टाक गेला आणि एका गावाची ती खासियत झाली.

इथं या मांसाला घोडा म्हणत नाहीत, साकुरा, म्हणजे चेरीचं फूल, म्हणतात. रंगावरून, असं सांगतात. रानडुकराला बोतान, म्हणजे एक फूल, आणि हरणाला मोमिजी, म्हणजे लाल मॅपलची पानं. चारपायी जनावर खायला नाकं मुरडली जायची त्या काळातली ही सोय. आणि दर सप्टेंबरला याच गावात फुजिसाकी देवळाच्या उत्सवात घोडे रंगीत झुली घालून मिरवतात. पोळा म्हणा ना. गेल्या वर्षी मी फोटो काढून आईला पाठवले होते, संध्याकाळी सगळे कुठं जेवायला गेले ते नाही पाठवलं.

मी अजून खाल्लेलं नाही, आणि आता खाईन असंही वाटत नाही. पण कारण काय ते तानाका-सानना परत सांगायला बसलो. बांधावरचीचं सांगितलं, राबलेल्याला खायचं नाही म्हणून. त्यांनी मान डोलावली आणि साधं विचारलं, मग तुमच्याकडे घोडा म्हातारा झाला की तो कुठं राहतो? मला उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांचा झालो, वरातीत घोडी बघितली, चौपाटीवर बघितली, माथेरानला बसलो. म्हातारा घोडा कधी बघितल्याचं आठवत नाही. इथं कुणी या व्यवसायातलं आहे का?

टापा | मंगळवार, पहाटे ५:५०

मी आहे. ठिकाण लिहीत नाही, थंड हवेचं आहे. तीन पिढ्या घोडे आमचे. सध्या चार आहेत, दोन सीझनला चालतात.

घोडा सतरा-अठराचा झाला की उतारावर पाय घसरतो, मग गिऱ्हाईक बसवता येत नाही. खुराक मात्र तेवढाच, पावसाळ्यात धंदा नसताना पण तेवढाच. वडलांनी राजा नावाचा घोडा मरेपर्यंत ठेवला, मेल्यावर रानात खड्डा करून पुरला, मिठाची गोणी घातली वर. तो एकच. त्याच्याआधीचे आणि नंतरचे खाली दिले. टेम्पो येतो, माणूस पैसे मोजून देतो, लग्नाच्या वरातीला लागतात म्हणतो. अठरा वर्षांचा लंगडा घोडा कुठल्या वरातीला लागतो ते मला कळतं.

बिजली मागच्या दिवाळीनंतर दिली. पोरगी शाळेत गेल्यावर दिली. टेम्पोचा नंबर बघितला होता, फोनसुद्धा होता त्या माणसाचा. केला नाही.